दुसरी रांग

बाई, माझी मुलगी नववीत आहे आणि तिच्या इतिहासाच्या पुस्तकातला पहिलाच धडा फ्रान्सच्या राज्यक्रांतीचा आहे. आम्ही सिंगापुरात राहतो, यिशुनला, अकराव्या मजल्यावरच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये. मुलगी इथल्या एका भारतीय शाळेत जाते. मागच्या महिन्यात ती स्वयंपाकघरातल्या टेबलावर वही पसरून बसली होती आणि मी गवार मोडत होते. दुसऱ्या दिवशी तिची परीक्षा होती. ‘आई, मला कारणं विचार,’ ती म्हणाली. तिने एका पानावर पाच रंगांचे पाच चौकोन काढले होते. राजकीय, सामाजिक, आर्थिक, वैचारिक, तात्कालिक. मी विचारत गेले, ती सांगत गेली. रिकामा खजिना, युद्धांचा खर्च, सगळा कर तिसऱ्या वर्गावर, गारपीट, महागलेला पाव. एकही चुकलं नाही. मग मी विचारलं, ‘बायका चालत राजवाड्यावर गेल्या, त्या दिवशी पाऊस होता का?’ तिने मान वर केली. ‘आई, दॅट वन नॉट इन सिलॅबस लाह.’ पाऊस होता. त्या विषयावरचं एकही पुस्तक मी नंतर उघडलेलं नाही, तरी मला माहीत आहे की पाऊस होता, चिखलात चपला रुतत होत्या आणि बायकांनी घरातल्या सुऱ्या पदराखाली झाकून आणल्या होत्या. हे तुम्ही सांगितलं होतं. तिथल्या बायकांना पदर नसतो, हे आमच्यापैकी एकीच्याही मनात आलं नाही.

शेजारच्या तुकडीला कारणं लिहून दिली जात. भिंतीपलीकडून सावकाश आवाज यायचा, एक वाक्य दोनदा, मग पुढचं वाक्य दोनदा. तुम्ही आम्हाला वह्या मिटायला लावल्या. ‘कारणं पुस्तकात आहेत. ती कुठे पळून जात नाहीत,’ तुम्ही म्हणालात. ‘आपण आठवडाभर तिथे राहायला जाऊ.’ खडूच्या डब्यात पन्नास चिठ्ठ्या होत्या. चार जणी धर्मगुरू झाल्या आणि पहिल्या रांगेत बसल्या. सहा जणी सरदार झाल्या आणि दुसऱ्या रांगेत बसल्या. एक राणी झाली. राजा शिकारीला गेलाय, आला की बघू, असं तुम्ही म्हणालात, आणि तो शेवटपर्यंत आला नाही. उरलेल्या एकोणचाळीस जणी मागच्या सगळ्या बाकांवर, ती तिसरी रांग. तिसऱ्या रांगेने वर्ग झाडायचा, माठ भरायचा, फळा पुसायचा, आणि मधल्या सुट्टीत प्रत्येकीने आपल्या डब्यातला चतकोर पुढे आणून द्यायचा. पहिल्या दोन रांगांना काहीच नाही. माझी चिठ्ठी सरदाराची निघाली. मला आनंद झाला होता, हे मी लपवत नाही. माझे वडील शाळेसमोरच्या दुकानात कापड मोजून द्यायचे आणि मी त्याआधी पुढच्या बाकावर कधी बसले नव्हते.

एरवी ज्या डब्यांना पुढच्या मुली हात लावत नसत, त्या डब्यांतलेही चतकोर आता पुढे येऊ लागले. दोन पालक मुख्याध्यापिकांना भेटून गेले ते त्यासाठी. तुम्ही आम्हाला ते सांगितलं नाहीत, पण आम्हाला कळलं होतं. राणी झालेली मुलगी गावातल्या डॉक्टरांची. फार बोलायची नाही. तिच्या दोन जाड वेण्या, वर दुमडून काळ्या रिबिनींनी बांधलेल्या. तिच्या बाकावर चतकोरांचा ढीग व्हायचा, पोळीचे थोडे, भाकरीचे पुष्कळ, आणि ती त्याकडे बघत अवघडून बसायची. बुधवारी तिसऱ्या रांगेतली एक जण पुढे आली आणि म्हणाली, आज माझ्याकडे द्यायला काही नाही, घरातलं पीठ संपलंय. राणी हळूच म्हणाली, ‘असू दे गं. मग भात आण.’ तिला तेवढंच सुचलं असणार. तिच्या घरी रोज भात होता. बाकीच्यांच्या घरी तो सणाला व्हायचा. सुट्टी संपायच्या आत ते वाक्य मुतारीच्या भिंतीवर कोळशाने लिहिलेलं होतं. दुसऱ्या दिवशी तुम्ही म्हणालात, खऱ्या राणीच्या नावावरही असंच एक वाक्य आहे, ती ते बोलली नसावी, पण लोकांना ते हवं होतं म्हणून ते तिचं झालं. आम्ही हसलो. राणी खाली बघत होती.

गुरुवारी तुम्ही मत घ्यायला लावलंत. चतकोर बंद करायचा का? प्रत्येक रांगेला एक मत. एकोणचाळीस हात वर गेले आणि त्यांचं एक मत झालं. आमचे दहा हात खाली राहिले आणि त्यांची दोन मतं झाली. कर चालू राहिला. मागून एक आवाज आला, ‘बाई, ही बनवाबनवी आहे. डोकी मोजा.’ तुम्ही म्हणालात, ‘नियम असा आहे.’ तुमच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला अजून दिसतं. तुम्ही ज्याची वाट बघत होता ते आलं होतं. शुक्रवारी वर्गाला कुलूप होतं. ते तुम्हीच लावलं होतंत आणि तुम्ही व्हरांड्याच्या टोकाला उभ्या होतात. त्या सगळ्या खो-खोच्या मैदानावर गेल्या आणि सवयीने पाटीत बसल्या, एकीचं तोंड इकडे, एकीचं तिकडे, आणि त्यांनी शपथ घेतली की डोकी मोजेपर्यंत कोणी डबा उघडणार नाही. आम्ही दहा जणी दाराशी उभ्या होतो. कोणी आम्हाला बोलावलं नव्हतं. मी निघाले. चुन्याच्या फक्कीची रेघ ओलांडली आणि पाटीच्या शेवटी जाऊन बसले. त्या चाळीस झाल्या. माझ्या पुढची मुलगी मागे वळून म्हणाली, ‘काय गं सरदारीण, भूक लागली वाटतं?’ सगळ्या हसल्या. मीही हसले.

बाई, मला तेव्हा जे कळलं नाही आणि आता रोज कळतं ते एवढंच आहे. जी जन्मापासून तिसऱ्या रांगेत असते तिला काही सिद्ध करायचं नसतं. रेघ ओलांडून आलेली असते ती सारखी बघत राहते, आपल्याकडे कोण बघतंय. तिला दुप्पट ओरडावं लागतं. मुलीच्या वहीतल्या पाचव्या चौकोनात हे नाही.

शनिवार. सकाळची शाळा. तुम्ही नाही आहात, तालुक्याला पेपर आणायला गेल्या आहात आणि तुमच्या तासाला कोणी आलेलं नाही. पहिल्या तासाला शिवण झालं आहे, पिशव्या बाकांवरच आहेत. मागून कोणीतरी म्हणतं, राणीला आणायला जायचं ना? बायका गेल्या होत्या, राजवाड्यातून राणीला आपल्या गावात घेऊन आल्या होत्या. राणी पहिल्या बाकावर आहे, दहा पावलांवर. ती हसत उठते. तिला वाटतं खेळ पुढे चाललाय, आणि तो खरंच पुढे चाललेला असतो. मैदानावर खांबाशी तिला बसवतात. ‘भात आण, भात आण’ सुरू होतं, आधी गाण्यासारखं. तिला खाली वाकवतात, दोघी खांदे धरतात. ती म्हणते, ‘अगं पुरे, ड्रेस मळतोय.’ कोणीतरी म्हणतं, पुस्तकात पुढे काय होतं? आणि एक जण माझ्याकडे बघून म्हणते, ‘सरदारणीला विचारा. तिच्याकडे कात्री आहे.’ माझ्या शिवणाच्या पिशवीत कात्री आहे, कड्याला लाल दोरा बांधलेली, हरवू नये म्हणून. मी फक्त रिबिन काढणार होते असं मी स्वतःला पुष्कळ वर्षं सांगत आले. रिबिन सोडायला कात्री लागत नाही. आणि वेणी एका झटक्यात कापली जात नाही. केस निसटतात, पुन्हा धरावे लागतात. सात-आठ वेळा कात्री चालवावी लागते. दुसऱ्या वेळी थांबता आलं असतं, तिसऱ्या वेळीही.

ती ओरडली नाही. वेणी खाली पडल्यावर गाणं बंद झालं आणि चाळीस जणी वर्गात परत आल्या, आपापल्या बाकावर, चिठ्ठ्यांच्या आधी जिथे बसायच्या तिथे. सोमवारी तिची आई वेणी वर्तमानपत्रात गुंडाळून शाळेत घेऊन आली. दुसरी वेणी आईला स्वतःच्या हाताने कापावी लागली होती. मुलीच्या अशा केसांकडे बघून आमच्या गावात लोक काय बोलले ते तुम्ही ऐकलं असेल. केस वाढेपर्यंत तिला घरात ठेवलं आणि तिचं वर्ष गेलं. मी तिला वह्या नेऊन द्यायचे, दर शनिवारी. तिची आई मला खोबऱ्याची वडी द्यायची. मी ती खायचे.

तुम्ही आमच्याकडून अर्ध्या पानावर लिहून घेतलंत, काय झालं ते. दुसऱ्या दिवशी गठ्ठा घेऊन आलात. ‘कारणं सगळ्यांनी बरोबर लिहिली आहेत,’ तुम्ही म्हणालात. ‘चतकोराचा अन्याय, मताचा अन्याय, राणीचं बोलणं. एकीने तर गारपीटसुद्धा लिहिली आहे. कात्री कोणी चालवली, ते एकीनेही लिहिलेलं नाही.’ मी फळ्याकडे बघत होते. त्यावर तुमच्या अक्षरात अजून तीन रांगा होत्या. तुम्ही त्या पुसल्यात. माठ कोण भरणार याची वाटणी त्या दिवसापासून पूर्वीसारखी हजेरी क्रमांकाने झाली.

मुख्याध्यापिकांना तुम्ही लिहून दिलंत की खेळ माझा होता, मी वर्ग मोकळा सोडून गेले, जे झालं त्याला मी जबाबदार आहे. हे आम्हाला शिपायाने सांगितलं. तुमची नववी काढून घेतली, पाचवीचं शुद्धलेखन दिलं. पुढच्या वर्षी तुम्ही शाळा सोडलीत. जायच्या आधी मला व्हरांड्यात थांबवून हातात कागदाची पुडी दिलीत. ‘शिवणाला लागेल,’ एवढंच म्हणालात. आत माझी कात्री होती. लाल दोरा तसाच होता. मैदानावर टाकलेली ती तुम्हीच उचलली असणार, म्हणजे मी पानावर लिहिलं तेव्हा ती तुमच्या कपाटात होती. तुम्ही मला रागावल्या असतात तर मी रडले असते आणि संपलं असतं. ती कात्री अजून आहे. इथे आणली. मसाल्याची पाकिटं कापायला वापरते.

मी पुढे साहित्य शिकले आणि आता आंग मो किओच्या औद्योगिक वसाहतीत एका कंपनीत अहवाल लिहिते. यंत्रांचे सुटे भाग बनवतात, एखादी खेप बिघडली की का बिघडली ते शोधतात आणि मी ते नीट इंग्रजीत मांडते. नियम असा की माणसाचं नाव लिहायचं नाही. प्रक्रियेत त्रुटी होती, सूचना अपुरी होती, असं लिहायचं. नियम चांगला आहे, त्यामुळे लोक घाबरत नाहीत आणि खरं बोलतात. माझ्या अहवालांचं कौतुक होतं. साहेब म्हणतात, तुझ्यासारखं कोणाला जमत नाही. मला नववीपासून जमतं.

आमच्या तुकडीचा व्हॉट्सॲप गट दोन वर्षांपूर्वी कोणीतरी काढला. त्यात राणी आली. गेल्या महिन्यात तिने मला वेगळा निरोप पाठवला, यजमानांबरोबर पाच दिवसांच्या सहलीला येतेय, भेटू या का. मी हो म्हटलं. रविवारी ईस्ट कोस्टला, समुद्रालगतच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या स्टॉलांच्या उघड्या मंडपात, भेटलो. मुलगी हट्टाने बरोबर आली होती, तिला राणी बघायची होती. मी तिला आठवड्याच्या खेळाची गोष्ट सांगितली होती, शुक्रवारपर्यंतची. मी टेबलावर कागदी रुमालाचं पाकीट ठेवून जागा धरली. राणी म्हणाली, ‘अगं, एवढ्यावर जागा राहते? आपल्याकडे पाकीटही गेलं असतं आणि टेबलही.’ तिचे यजमान सायकलींचे फोटो काढायला गेले. तिचे केस कानापर्यंत कापलेले होते. मी त्यांच्याकडे बघत होते आणि तिने ते ओळखलं. ‘गंमत बघ,’ ती म्हणाली, ‘तेव्हा फुकट कापले तर वर्षभर रडले. आता दर दोन महिन्यांनी पैसे देऊन कापते.’ मुलगी विचारायला लागली तेव्हा तिनेच सगळं सांगितलं, शनिवारचंही, हसत हसत, तिखटमीठ लावून.

‘मग मावशी, कापले कोणी?’ मुलीने विचारलं.

‘कोणास ठाऊक. माझं तोंड मातीत. चाळीस जणी होत्या, होती कोणीतरी. त्या पोरींचं काय गं, पोरीच त्या. पण बाईंना मात्र मी सोडलं नाही.’ मग ती माझ्याकडे वळली. ‘तुला सांगितलं नाही का कधी? एका लग्नात भेटल्या होत्या. पंगतीत बसल्या होत्या, खूप थकलेल्या. मी वाढत होते. मला हाक मारली, म्हणाल्या, वाढले का गं केस? आणि हात वर केला डोक्याला लावायला. मी मान मागे घेतली. सगळ्यांसमोर म्हटलं, का बाई, अजून कात्री बाळगता का?’

‘मग?’ मी म्हणाले.

‘मग काय. काही बोलल्या नाहीत. हसल्या जरा. पानातलं तसंच ठेवून उठल्या. पुढच्या उन्हाळ्यात गेल्याच म्हणे. मी भेटायला गेले नाही. अजून वाटतं, बरं केलं.’

बाई, तुम्हाला माहीत होतं कात्री कोणाची ते. एक नाव घेतलं असतंत तर तिचा राग त्या पंगतीतून उठून माझ्या दारात आला असता, जिथे तो यायला हवा होता. तुम्ही पान सोडून उठलात. मी त्या क्षणी काय केलं ते सांगते. मी म्हटलं, थांबा, उसाचा रस आणते. रांग लांब होती. मला ती लांब आहे म्हणून बरं वाटलं. पुढे आठ-नऊ माणसं होती आणि मी वाक्य जुळवत होते. ‘ती मी होते’, एवढं तीन शब्दांचं वाक्य. पुढचा माणूस हलला की मी एक पाऊल पुढे जायचे आणि पुन्हा सुरुवातीपासून म्हणायचे. माझी पाळी आली तेव्हा मी तीन ग्लास मागितले, लिंबू घालून. परत आले तर ती मुलीला त्या चतकोरांच्या ढिगाचं सांगत होती आणि मुलगी हसत होती. मी ग्लास ठेवले. ‘किती वेळ लावलास,’ ती म्हणाली. ‘रांग होती,’ मी म्हणाले.

घरी येताना गाडीत मुलगी माझ्या खांद्याला टेकून बसली होती. आंग मो किओ मागे गेल्यावर तिने विचारलं, ‘आई, तू कुठल्या रांगेत होतीस?’ मी तिसऱ्या म्हणाले. ‘ऑफ कोर्स,’ ती म्हणाली आणि कानात गाणी लावली. तिला पूर्ण गुण मिळाले. पाच चौकोनांचं पान तिच्या शिक्षिकेने वर्गात लावलं आहे.

आज शनिवार आहे, दुपार. मुलगी पोहायला गेली आहे. राणीचा निरोप परवा विमानतळावरून आला. ‘भेटून बरं वाटलं. त्या वर्षी घरी येणारी तू एकटीच होतीस. ते मी कधी विसरले नाही. मुलीला घेऊन ये आमच्याकडे.’ खाली तिने घराचा पूर्ण पत्ता लिहिला आहे, खुणेसकट, पाण्याच्या टाकीसमोर. मी उत्तर म्हणून जोडलेले हात पाठवले. मग हा कागद घेऊन बसले. वर ‘बाई’ लिहिलं आणि एकदाही न थांबता शेवटपर्यंत आले, मुलगी यायच्या आत. दुसरं कोणाचं नाव वर लिहिलं असतं तर पहिली ओळसुद्धा झाली नसती. तुम्हाला लिहिलं, कारण तुम्हाला हे माहीत आहे आणि तुम्ही कोणाला सांगितलं नाहीत. मी अजून त्यावरच विसंबून आहे.